नाही न म्हणायचं व्रत

…अहो, व्रत घ्यायचं तर सोसेल असं घ्यावं ना माणसानं! गोड सोडावं, एक वेळ जेवावं, जमिनीवर झोपावं… मी हे सगळं करून बसलेली बाई आहे, तुम्हाला सांगते, माझा देवसुद्धा मला बघून म्हणत असेल, 'आली बाई, आता काय सोडतेय कुणास ठाऊक!' पण तेव्हा सासूबाईंचा खोकला काही केल्या जात नव्हता, आणि एका संध्याकाळी दिव्यासमोर हात जोडून, डोळे गच्च मिटून, काही म्हणता काही विचार न करता मी बोलून बसले – देवा, तू मला नाही म्हणू नकोस, आईंचा खोकला जाईपर्यंत मीही कुणाला नाही म्हणणार नाही! झालं. बोलताना त्यातच किती 'नाही' आले बघा, पण ते त्यानं पोटात घातले असतील. आणि आमच्याकडे व्रत गुपचूप करायचं, बोलून दाखवलं की फळ गेलं. म्हणजे आपण का हो हो करतोय, हे कुणाला सांगायचीही चोरी!

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. मी तशीही कुणाला कधी नाही म्हणते? पण तुम्हाला सांगते, माणसं प्रश्न किती वाकडे विचारतात, ते व्रत घेतल्यावर कळतं! चपलांच्या दुकानात गेले, दुकानदार म्हणाला, "चालतील ना ताई, बोटाला लागत नाहीत ना?" आता याला हो म्हणायचं की काय म्हणायचं? मी हो म्हणाले. अजून लागतायत. सासूबाईंना दाखवायला नेलं तर डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघत विचारतात, "घरात कुणी सिगारेट ओढत नाही ना?" आणि मी काय म्हणाले? हो म्हणाले! त्या दचकल्या. "ओढतात?" हो. "कोण, मिस्टर?" …हो! आमचे हे शेजारीच बसलेले, जन्मात काडी ओढली ती फक्त गॅस पेटवायला, त्यांना पूर्ण भाषण ऐकावं लागलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "अगं, मी कधी ओढली सिगारेट? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हटलं, हो.

हसा, हसा. मीही हसायची तेव्हा. पुढचं ऐका.

आमच्या घराला हवेचं एकच मोठं यंत्र, जिन्याखालच्या कोठीत. तिथून पत्र्याचे चौकोनी बोगदे निघतात, डक्ट म्हणतात त्यांना, ते छताच्या वरच्या पोकळीतून सगळ्या घरभर फिरतात, आणि प्रत्येक खोलीत भिंतीला एक जाळी. जाळीतून थंडीत ऊब, उकाड्यात गारवा. सासूबाईंची खोली अगदी टोकाची. तिथे पोचेपर्यंत हवा बिचारी दमून जायची, पण त्यांचा खोकला काही दमायचा नाही, तो उलटा प्रवास करून थेट माझ्या स्वयंपाकघरातल्या जाळीतून यायचा. कोरडा असला की मी पाणी न्यायची, ओला असला की गरम दूध. बोलायची गरजच नसायची हो. मी दार ढकललं की म्हणायच्या, "ऐकलंस वाटतं?" आणि सरकून पलंगावर मला जागा करायच्या. जन्मभर कोट शिवलेली बाई ती, बोटांना सुयांची घरं पडलेली, आणि त्या बोटांनी माझ्या पदरावरचा दोरा उचलून टाकल्याशिवाय कप हातात घ्यायच्या नाहीत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, घरात धूळ नको. आणि तुम्हाला सांगते, देवानं ऐकलं असंच मला वाटलं, कारण लगेच दाराची घंटा वाजली आणि समोर निळ्या टोपीचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. "मॅडम, तुमचे डक्ट कधी साफ करून घेतलेत का? घेतले नसतील तर लगेच करून टाकू, काय?" मी काय म्हणणार? हो म्हणाले!

आला की नळ्या, पिशव्या आणि मधोमध गरगर फिरणारा ब्रश घेऊन. जाळी काढली, ब्रश आत सोडला, तो घर्रर्र आवाज, भिंतीसुद्धा थरथरायला लागल्या! शेवटी पिशवी उघडून दाखवली, आत राखाडी रंगाचा कापूस काठोकाठ. "बघा मॅडम, काय घाण घेऊन जगत होता तुम्ही!" मग जाळी बसवून तिच्यावर चापट मारली आणि म्हणाला, "साफ!" आम्ही त्याचं नावच साफवाला ठेवलं. मला इतकं बरं वाटलं, एवढी घाण घराबाहेर गेली म्हणजे खोकलाही तिच्याबरोबर गेला!

गेला कुठे? आठवडा काही सरला नाही आणि फडताळावर परत तोच राखाडी थर. दुधाच्या सायीवर तंतू. चादर झटकली की उन्हात भुरभुर. आणि खोकला वाढला. साफवाला परत हजर, "मॅडम, पहिल्या वेळी सगळं निघत नाही, अजून एक हात फिरवू?" हो म्हणाले! पुन्हा घर्रर्र, पुन्हा पिशवीभर कापूस, पुन्हा "साफ!" आणि पुन्हा माझी सासू जाळीतून मला खोकून दाखवतेय.

एक दिवस दूध घेऊन गेले तर सासूबाई खिडकीशी बसलेल्या, पांघरुणावरचा एक तंतू चिमटीत धरून चोळत होत्या. मला म्हणाल्या, "इकडे ये. ही काय धूळ आहे का? धूळ बोटावर पसरते. हे बघ, हे वळतंय. हे अस्तर आहे गं. त्या तुझ्या बोगद्याला आतून अस्तर असणार, ते उसवलंय, आणि तो मेला त्याच्यावर ब्रश मारतोय. कोटाचं अस्तर फाटलं तर कोट झाडून चालेल का?"

मी म्हटलं, हो आई.

"हो काय? चालेल?"

हो… म्हणजे… हो, कळलं आई!

"मग तो आला तर त्याला नको म्हणून सांग."

हो आई.

आणि बघा हो, नशीब कसं असतं ते, मी कप विसळतेय तोवर साफवाल्याचा फोन! "मॅडम, उद्या येऊ ना?" आता तुम्हीच सांगा, एकीकडे सासूबाईंचा शब्द, दुसरीकडे देवाला दिलेला! आणि मनात म्हटलं, इतके दिवस व्रत सांभाळलं, आता खोकला जायच्या बेतात आला असेल आणि मी मोडायची! हो म्हणाले. दोघांनाही हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी घर्रर्र सुरू झालं तेव्हा सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. ब्रशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. हळूच लावलं.

त्यानंतर त्यांना धाप लागली ती लागलीच. बसून झोपायच्या. ह्यांनी मग मला न विचारताच दुसरा माणूस बोलावला. हा काही साफवाल्यासारखा गोड नव्हता, तोंडानं फाटका आणि स्वतःवर भलता खूश! "माझ्यासारखं काम करणारा या भागात दुसरा नाही, लिहून घ्या." त्यानं लांब वायरीला बांधलेला कॅमेरा आत सरकवला आणि छोट्याशा पडद्यावर आम्हाला आमच्याच घराचं पोट दाखवलं. काय सांगू तुम्हाला! अस्तराच्या चिंध्या लोंबतायत, हवा आली की फडफडतायत. पत्र्याचे सांधे सुटून फटी पडलेल्या, त्यांतून छताच्या पोकळीतली सगळी धूळ आत ओढली जातेय. एका कोपऱ्यात कुठूनसं पाणी झिरपून काळी बुरशी. तो कोपरा नेमका सासूबाईंच्या भिंतीमागे.

"बाई, साफ करायला आधी काहीतरी शाबूत लागतं," तो गुरकावला. "धूळ साचली असेल तर साफ करा, ठीक आहे. इथे डक्टच गेलाय. हे झाडायचं काम नाही, हे पुन्हा उभारायचं काम आहे. कुणी ब्रश फिरवला यावर? दर वेळी सोलून काढलंय सगळं! घरात म्हातारं माणूस खोकतंय, पुन्हा पुन्हा धूळ येतेय, तंतू उडतायत, कुबट वास येतोय, आणि तुम्हाला एकदाही वाटलं नाही आत बघावं?" आणि मग, "समजतंय का मी काय म्हणतोय?"

हो म्हणाले.

काम मोठं होतं. जुनं अस्तर खरवडायचं, कुजलेला तुकडा कापून नवा घालायचा, गळती बंद करायची, सांधे लिंपायचे, आतून नवा लेप द्यायचा, तो वाळू द्यायचा. तोवर दम लागणारं माणूस घरात ठेवायचं नाही. नणंद आली. माझी नणंद गुणी आहे हो, तिच्याबद्दल एक अक्षर वावगं बोलणार नाही. म्हणाली, "वहिनी, आईला मी नेते. चालेल ना?" हो. "सगळे कपडे देतेस? परत परत फेऱ्या नकोत." हो. सासूबाई कोट घालून दारात उभ्या होत्या. स्वतः शिवलेला, तपकिरी. खालपासून वरपर्यंत एकेक बटण लावत होत्या, इतक्या सावकाश, की मला वाटलं बोटं दुखतायत. सगळ्यात वरचं बटण लावून झालं, मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जाऊ ना मग मी?"

आणि मी काय म्हणाले?

…तुम्हाला माहीतच आहे मी काय म्हणाले.

काम मात्र अप्रतिम झालं, खोटं कशाला बोलू! आता टोकाच्या खोलीतसुद्धा जाळीला दोरा बांधला तर सरळ आडवा तरंगतो. फडताळावर बोट फिरवा, बोट कोरं. वास म्हणून कसला नाही. बुरशीचा नाही, औषधाचा नाही, त्यांच्या तेलाचाही नाही. मी पलंगावर नवी चादर घातली, उशाशी पाण्याचं भांडं ठेवलं, आणि नणंदेला फोन करणार तेवढ्यात तिचाच आला. "वहिनी, आनंदाची बातमी! आईचा खोकला पार गेला! आडवी झोपते आता. तर मी म्हणत होते, आता इकडेच ठेवू का तिला कायमची?"

ऐकलंत ना? नीट ऐकलंत? खोकला गेला! म्हणजे व्रत सुटलं, तिथल्या तिथे, वाक्याच्या अर्ध्यातच सुटलं! उरलेल्या अर्ध्याला मी मोकळी होते. देवानं त्याचा शब्द पाळला होता, आणि माझ्या तोंडात इतके दिवस कोंडून ठेवलेले सगळे 'नाही' तयार होते, हवा तो काढायचा! …पण जीभच वळली नाही हो. सवय! 'हो' म्हणून गेले. फोन खाली ठेवला, आणि मग त्या कोऱ्या करकरीत खोलीत जाऊन जाळीकडे बघत म्हटलं, नाही. नाही, नाही, नाही. इतक्या छान हवेत!

दुसऱ्या दिवशी गेले नणंदेकडे. सासूबाई खिडकीत बसून नातीचा फ्रॉक आखूड करत होत्या, चेहऱ्यावर रंग आलेला. मी त्यांच्या पायाशीच बसले आणि सगळं सांगून टाकलं, व्रत, चपला, सिगारेट, साफवाला, सगळं. आधी त्या हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि एकदाही खोकला आला नाही. मग सुई फ्रॉकात टोचून ठेवली.

"वेडे," म्हणाल्या, "मी त्या दिवशी बटणं लावत किती वेळ उभी होते, माहीत आहे? मला वाटलं, ही आता म्हणेल, नाही आई, पडवीत झोपा, शेजारी झोपा, पण जायचं नाही. वरचं बटण मी कधी लावत नाही गं. गळ्याशी आवळतं."

मी म्हटलं, आई, आता म्हणते ना, नाही राहायचं इथे. घरी चला. खोली बघा तुमची, हवा कशी खेळतेय!

त्यांनी माझ्या पदरावरचा दोरा उचलला, खिडकीबाहेर सोडून दिला, आणि म्हणाल्या, "नाही गं. आता इथली घडी बसली. लेकीलाही सवय झाली, मलाही. तू येत जा."

किती सहज म्हणाल्या, 'नाही'! मी बघतच राहिले. इतका छोटा शब्द, त्यात राग नाही, लोभ नाही, आणि मला वाटत होतं तो म्हटला की जग उलटंपालटं होतं.

तर आता मी नवं व्रत घेतलंय, आणि हे गुपचूप नाही, सांगूनच करायचं. दिवसातून एक 'नाही', आणि तो जाणाऱ्या माणसाला म्हणायचा. दारात कोट घालून उभं राहिलेल्याला. परवा ह्यांना म्हटलं, नाही, असे चहा न घेता जायचं नाही. घाबरलेच ते, पण बसले. जमतं हळूहळू. देवाला आवडेल का, ते त्याचं तो बघेल.

तुम्हीही घ्या हो हे व्रत. फार काही लागत नाही त्याला, उपास नाही, तापास नाही. तुमच्या घरातलं कुणी जाऊ का म्हणून विचारत असेल, तर आज घरी गेल्या गेल्या त्यांना 'नाही' म्हणा. म्हणाल ना?

…हे बघा, एवढं मी सांगतेय, तर आता मला नाही म्हणू नका!