बेडकांची पंगत

...न्हाई, तुमीच सांगा, बेडूक हाय का जावई? दिवेलागण झालेली, पोटात कावळं वरडतायत, चुलीवर सुकटीचा वास सुटलाय, आन् आमची सारजा ताट मागं वढून म्हणती, "थांबा! पावणं जेवल्याबिगर घास घ्यायचा न्हाई!" पावणं कोण? तर बेडूक!

आवो, आमच्या वरच्या खोलीत जुईली म्हणून भाडेकरू हाय, अकोल्याची, कंप्युटरात कामाला. पोरगी गुणाची, पण दया लई! धरणाकडच्या बंगल्यात कुणीतरी काचेची पेटी टाकून पसार झालं, त्यात चार बेडूक, जलमभर पाण्यातच ऱ्हाणारं. हिनं आणलं उचलून! वरचा पत्रा तापतो, म्हणून पेटी आमच्या माजघरात! मी म्हनलं, वढ्यात सोड की! तर म्हणती, "नको काका, परदेशी आहेत ते, आपल्या ओढ्यातलं सगळं फस्त करतील!" हितं एक अळी खाईनात, आन् तितं आख्खा वढा खात्याल!

"घाबरलेत हो काका. असेच उपाशी राहिले तर मरतील," असं म्हणून पोरगी डोळं पुसाया लागली, आन् ते सारजानं बघितलं... झालं! दारी आलेलं उपाशी आसलं तर घरधन्यानं जेवू नये, ही माझ्याच आईची शिकवण, आन् तिच्या सुनेनं ती लावली बेडकांना! दुपारचं तेवढं पोटाला, संध्याकाळी बेडकांबरोबर उपास!

मग काय, मीच लागलो आग्रहाला. गावच्या पंगतीत वाढपी म्हणून नाव हाय माझं, हात आडवा धरणाऱ्याच्या पानात जिलब्या टाकल्यात मी! लाइट लावला, चिमट्यात लाल अळी धरली, आन् दिला आवाज, "घ्या की पावणं! लाजताय कशाला? आपलंच घर हाय!" चारीबी सुसाट पेटीतल्या खापराखाली! खापर उचललं, चिमटा नाकाला लावला, तर एकजण काचंवर डोकं आपटतोय! शेजारचा नरहरी दात काढून म्हणतो, "कोंडिबा, ओवाळून बघ." बेडूक हाय का जावई?

परवा सांजंला डोस्कंच फिरलं. जुईली अजून हापिसात, सारजा म्हशीकडं. मी म्हनलं, मरा तिकडं! अळ्या दिल्या पाण्यात फेकून, लाइट बंद, पेटीकडं पाठ केली, आन् टोपल्यातली भाकर चोरून खाया बसलो. तोंडात घास, बोलणार कसा? तर मागनं... बुळुक! हळूच वळून बघतो, तर चारी पावणं भायेर, दोनी हातांनी अळ्या तोंडात कोंबतायत! खोटं कशाला बोलू, बरं वाटलं जिवाला. तेवढ्यात सारजा दारात! म्हनलं, आता भाकरीवरनं माझी खैर न्हाई. पर ती भाकरीकडं बघतीय कुटं? पदर डोळ्याला लावून म्हणती, "अवं, तुमी गप बसलासा, म्हून जेवली वो लेकरं!"

तवापास्नं जुईलीचा हुकूम हाय, "काका, रोज हीच वेळ, हीच जागा, अंधार करायचा, पाठ करून बसायचं आणि एक शब्द नाही!" माझं घर, माझी भाकर, आन् माझ्याच तोंडाला कुलूप! म्हून तर जेवण उरकलं की पळत येतो पारावर, तुमच्यापुढं बोलाया...

आन् बेडूक काय जावई न्हाई, आता पटलं. जावई मीच हाय. त्यो बी घरजावई.