टाकीचं झाकण

...अहो, नापास म्हणजे काय! सत्त्याण्णव सालचा ट्रक, तीन लाख मैल धावलेला, फ्रेस्नोच्या उन्हात आजही एका चावीत सुरू होतो, आणि धूर तपासणारं ते यंत्र म्हणतं, नापास! तुम्हाला सांगतो, ट्रक ठणठणीत आहे. इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता, एवढंच!

आमची कॉनी म्हणाली, "रूडी, तीनदा नापास झाला की विकायचा. कबूल?" कबूल म्हणालो! का म्हणालो? दोन्ही पोरी जन्मल्यावर त्याच ट्रकमधून घरी आल्या हो... विकायचा कसला?

तर शेजारचा व्हर्नन. सल्ला फुकट, तोही न मागता. "अरे, बॅटरीची वायर काढ, दहा मिनिटं थांब, परत लाव. दिवा गेलाच समज!" काढली. गेला की दिवा! शीळ घालत तपासणीला गेलो. तिथली येसेनिया, माझ्या धाकटीच्या वयाची, पडद्याकडे बघते, माझ्याकडे बघते. "काका, बॅटरी काढली होती का?" छे, म्हटलं. "मग गाडीच्या कॉम्प्युटरला काहीच कसं आठवत नाही? आठवडाभर चालवा, आठवेल, मग या." दुसऱ्यांदा नापास!

मग काय, रोज शंभर मैलांवरच्या बेकर्सफील्डला जातोय, येतोय, कशाला? तर ट्रकला आठवावं म्हणून! आणि सातव्या दिवशी आठवलं हो त्याला... दिवाच आठवला! पण ट्रक ठणठणीत आहे.

कॉनी बावीस वर्षं शाळेची बस चालवते, निघण्याआधी गाडीभोवती फेरी मारायची सवयच तिला. फिरली, पेट्रोलच्या टाकीशी थांबली. "हे झाकण कुठलं?" व्हर्ननच्या गॅरेजातलं, म्हटलं. आपलं झाकण मी मार्चमध्ये पंपावर विसरलो ना... बसतं की, जरासं डुगडुगतं. "अरे देवा, वाफ जाते त्यातून! म्हणून दिवा!"

बारा डॉलरचं नवं झाकण, पुन्हा आठवडाभर बेकर्सफील्ड, दिवा विझला, आणि तिसऱ्यांदा... पास! म्हटलं नव्हतं? ट्रक ठणठणीत आहे! त्या आनंदात टाकी काठोकाठ भरली, हॉर्न वाजवत घरी आलो. कॉनीनं सवयीनं फेरी मारली. टाकीशी थांबली. तोंड उघडं... टाकीचं, आणि मग माझंही.

संपलं, म्हटलं. गेला ट्रक.

"ट्रक नाही विकायचा," कॉनी म्हणाली. "ट्रक ठणठणीत आहे. तुझीच वायर काढून बघू या का दहा मिनिटं?"

मी म्हटलं, काढ बाई. फक्त परत लावायची तूच लक्षात ठेव.