आक्कांशिवायची पहिली सभा

बायांनो, बाप्यांनो, देवळालीहून आलेल्या पाव्हन्यांनो, घोडेगावच्या शब्बीरभाई, बसा. मागं उभं राहू नका. जागा न्हाई तर पोत्यांवर बसा. एरवी पोत्यावर कोन बसलं की आक्का वरडायच्या. आज वरडनारं कोनी न्हाई.

मला बोलायला उभं केलंय, ही ह्या लोकांची चूक हाय. मी सुभद्रा, आक्कांची धाकटी जाऊ. एका चुलीवर हुतो तवा आमी भांडलो. चुली येगळ्या झाल्या, तरी भांडान काय थांबलं न्हाई. जिच्याशी जन्मभर वाद घातला तिच्याबद्दल चार चांगले शब्द बोला म्हन्त्यात. समोर वाद घालायला कोनी नसलं की मला बोलताच येत न्हाई, हे आजच कळलं.

आन् एक आधीच सांगून टाकते. मला हलकं वाटतंय. व्हय, हलकं! मयताच्या नावानं असं बोलू नये, मला ठाऊक हाय. पन पोटाच्या दुखन्यानं त्या बाईचा पार चोथा झाला हुता. सुटल्या. आन् त्या दुखन्यापरीस मोठा घोर त्यांच्या जिवाला हुता, तो बी जाताना सुटला. तो कसा सुटला, तेवढंच सांगते आन् खाली बसते.

बाहेरून आलेल्यांना ठाऊक नसंल. आमी इकडं बिगर औषधाची बाजरी, मटकी, हुलगं पिकवतो. पयलं आमचा समदा माल एक मोठी कंपनी न्यायची आन् शहरातल्या चकचकीत दुकानांत नैसर्गिक म्हनून इकायची. एका वर्साला गाडी आली आन् समदी मटकी दारात टाकून गेली. का? तर मालात घान हाय. घान कसली? राख! आता मटकीला राख लावायची न्हाई तर काय लावायचं? आमच्या आयांनी लावली, सासवांनी लावली. चुलीतली राख चाळून कालवली की किडा लागत न्हाई. घरात करतो तसं केलं आन् तसंच दिलं पाठवून. शहरात पाठवायच्या आधी ती काढायला पायजे, हे एकीच्याबी डोक्यात आलं न्हाई!

लई बाया रडल्या त्या दिवशी. मी म्हनलं, "आक्का, धुऊन टाका मटकी, पाया पडा त्यांच्या आन् पाठवा परत."

"धुतली तर मोड येतील गं, येडे," आक्का म्हनल्या. "आन् पाया कुनाच्या पडायचं? खानारं मानूस तर आपन आजवर बघितलंच न्हाई."

म्हनून मग आमी खानारं मानूस बघायला पुण्याला गेलो. शब्बीरभाईंच्या टेम्पोतनं. हसू नका शब्बीरभाई, तुमचा टेम्पो घोडेगावच्या बाजाराच्या म्हशी वाहायचा. धुतला हुता म्हन्ता, धुतलाच असंल, पन वास काय गेला न्हवता. एका मोठ्या सोसायटीच्या फाटकापाशी आक्कांनी मांडी घातली, चाळनी घेतली आन् लागल्या मटकी चाळायला. राख समदी अंगावर. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पदर तोंडावर घेऊन टेम्पोमागं उभी.

एक बाई थांबली. म्हनली, "आजी, ही राख कशाला लावलीय?"

आक्का म्हनल्या, "पावडर मारली न्हाई म्हनून. पावडर तुमच्या पोटात गेली असती. राख माझ्या लुगड्यावर पडती, घरी जाऊन धुते."

ती बाई वर गेली ती आख्खी बिल्डिंग घेऊन खाली आली. घरी येताना टेम्पो रिकामा हुता.

तिथनं हे उभं राह्यलं. पयलं ती एक सोसायटी, मग तिच्या शेजारची, मग संस्था नोंदली, हे गोडाऊन झालं, देवळालीच्या पाव्हन्यांचा गूळ येऊ लागला. आक्कांनी एक रीत घातली, ती तुमाला म्हाईत हाय. ज्याचं गाठोडं लहान त्याचं वजन आधी. मोठ्या बाजारात उलटं असतंय, मोठ्याची पोती आधी, आन् लहानानं सांजपतोर उनात बसायचं. ह्या रीतीवरनं बी मी लई भांडले. माझी पोती आवकाळीच्या ढगाखाली, आन् गंगूबाई पायलीभर हुलगं घेऊन माझ्या पुढं! गंगूबाई, तुमच्यावर राग न्हाई. तवा हुता.

आन् मग ह्या साली तीच कंपनी परत आली. इस्त्रीच्या शर्टातलं पोरगं, बोलायला लई गोड. "आजी, तुमची राखेतली मटकी आम्हाला हवी आहे. सगळीच हवी आहे." ऐकलं का? ज्या राखेपायी माल दारात टाकला, तीच आता त्यांना पायजे! पन अटी काय? माल दुसऱ्या कुनाला द्यायचा न्हाई. पुण्यात घरोघर जानारा टेम्पो बंद. दाना एकसारखा पायजे, मापात न बसंल तो परत.

तवा आक्का खाटेला लागल्या हुत्या. सभा ठरली. समद्यांचं म्हननं एकच, आक्का सांगतील ते करू. आन् आक्का म्हनल्या, "मी सभेला येनार न्हाई. निरोप बी देनार न्हाई."

मी तोंड सोडलं. "तुमी न्हाई आलात तर लोक इकून मोकळे व्हतील!"

"व्हऊ दे. माझ्या तोंडाकडं बघून हात वर करत असतील तर ती संस्था कसली? ती माझी दुकानदारी झाली. मी मेले की बंद."

म्हनल्या खऱ्या, पन जीव टांगनीला लागला हुता. खाट भिंतीकडं फिरवून घेतली, गोडाऊन दिसू नये म्हनून. भाकरीचा तुकडा तोंडात तसाच राहायचा. मी बघत हुते ना.

सभेत पयला उठला तो अशोक. आक्कांचा अशोक, पोटचा पोरगा. अशोक, मान खाली घालू नको. तू बोललास ते खोटं न्हवतं. तू म्हनलास, "हे समदं आईच्या जिवावर चालतंय. आईमागं पुण्याचे फोन कोन घेनार? टेम्पो कोन लावनार? कंपनी दारातनं माल उचलती." तवा शब्बीरभाई म्हनले, टेम्पो मी लावीन. एक सूनबाई म्हनली, फोन मी घेते. मी म्हनलं, वजनाच्या काट्यावर मी बसते, बघते कोन पुढं घुसतंय ते! कुनी हे, कुनी ते, थोडं थोडं समद्यांनी उचललं. आन् हात वर झाले. कंपनीला न्हाई म्हनायचं ठरलं. अशोकचा आन् त्याच्या बाजूच्या थोड्या लोकांचा हात खालीच हुता.

दुसऱ्या दिवशी माल घ्यायचा वार. तो उरकून दुपारी आक्कांकडं गेले. म्हनलं, "आक्का, ठरलं. द्यायचं न्हाई."

डोळं मिटलेलेच. म्हनल्या, "विरोधात कोन हुतं?"

मी म्हनलं, जाऊ द्या ना.

"सुभे, कोन हुतं?"

काय करनार? म्हनलं, "आपला अशोक."

मला वाटलं, आता ही बाई मोडनार. पोटचं पोरगं फिरलं. मी त्यांचा हात धरून बसले. तर म्हनल्या, "आज त्याची मटकी घेतली का?"

"घेतली."

"पाळीनं घेतली? कोन टोचून बोललं का?"

"पाळीनं घेतली. कोन काय बोललं न्हाई. मी सुदिक न्हाई."

"मग झालं," आक्का म्हनल्या. "आता माझ्याबिगर चालतंय हे. जा तू. झोपू दे मला."

आन् झोपल्या. दुखनं लागल्यापासून पयल्यांदा घोरल्या. घोरल्या हो! मी उंबऱ्यात बसून एकटीच हसत हुते आन् रडत हुते. त्यानंतर थोडेच दिस काढले त्यांनी, पन त्या दिसांत संस्थेचं एक अक्षर इचारलं न्हाई.

आता समद्यांनी उठा. मोबाईल बंद करा. हुंदकं दिऊ नका, नाव घिऊन हाका मारू नका. दमलेल्या मानसाच्या खाटेजवळ राहतो तसं जरा वेळ गप उभं राहा.

आक्का, झोपा. आमी न्हाई उठवत.