अर्धा पडदा

वासुदेवराव : बस झालं बे धम्मदीप. हासणं झालं असन तर आता माझा पडदा परत दे.

धम्मदीप : कोणता पडदा काका?

वासुदेवराव : कोणता म्हंते! कंप्युटरचा. डाव्या बाजूचा अर्धा पडदा गायब करून ठेवला तू. आता गेटपासवर ट्रकचा नंबर टाकू कुठं?

धम्मदीप : मी तर आज तुमच्या टेबलाकडं आलोच नाही. सकाळपासून गोदामात आहो, बारदान्याच्या पोत्यायची एंट्री करून राहिलो.

वासुदेवराव : हौ, अन् मागल्या वेळी पडदा उलटा झाला, तवा कुठं होता? तवाही गोदामातच होता म्हणे. मी इकडं मान वाकडी करकरून बिल वाचून राहिलो, अन् तू दाराआड उभा राहून व्हिडिओ काढत होता.

सरिता : भाऊ, तेव्हाचं खरं आहे. पण आज तो नाही आला इकडे. मी इथंच बसून आहे ना.

वासुदेवराव : तू तर बोलूच नको सरिता. माऊसच्या पोटाखाली कागद चिपकवला होता, तो तुह्याच वहीतला निंगाला. दुपारपर्यंत माऊस घासला मी. खांदा दुखून आला.

सरिता : तो कागद मीच दिला होता. कबूल आहे.

वासुदेवराव : अन् ते जिलेबीचं? 'तांदूळ' टाइप केलं की 'जिलेबी' होऊन जाये. मालकानं पाहिलं असतं तर? राइस मिलमधून तीन ट्रक जिलेबी रवाना!

धम्मदीप : प्रिंट काढाच्या आधी मीच तर धावत आलो सांगायले. अन् काका, खरं सांगा, सगळ्यात जास्त कोण हासलं होतं?

वासुदेवराव : मीच हासलो. मी कुठं नाही म्हंतो? घरी मस्करी कराले कोण आहे माझ्या? पोरगा पुण्यात, अन् तुही काकू टीव्हीसमोर. इथं येतो तर दोन घटका तोंड उघडते. पण आज नाही बाबू. टेकचंद ड्रायव्हर ट्रक लावून कवाचा बोंबलून राहिला. दोनदा गेटपास दिला, दोनदा वापस घेऊन आला.

सरिता : वापस काहून? दाखवा मला... भाऊ, हे डावीकडचे रकाने सगळे कोरे आहेत. ट्रक नंबर नाही, तारीख नाही, माल काय ते नाही.

वासुदेवराव : पडद्यावर दिसूनच नाही राहिले, तर भरू कुठून?

सरिता : पडद्याचं राहू द्या. या कागदावर तर छापले आहेत ना रकाने.

वासुदेवराव : कुठं छापले?

सरिता : हे काय. माझ्या बोटाखाली पाहा.

वासुदेवराव : बोट कुठं आहे तुझं?

सरिता : ...धम्मदीप, इकडे ये जरा.

धम्मदीप : काय झालं?

सरिता : यांचा कंप्युटर पाहा.

धम्मदीप : पाहिला ना. पडदा पूर्ण आहे काका. सगळं जागच्या जागी आहे.

वासुदेवराव : खोटं.

धम्मदीप : मायची शपथ.

वासुदेवराव : मागल्या वेळीही मायचीच शपथ घेतली होती तू. त्या बिचारीले काहून मारतं घडीघडी?

धम्मदीप : तेव्हा मस्करी होती ना काका.

वासुदेवराव : आताही मस्करीच आहे. अन् या वेळी जबरदस्त जमली, मी मानलं. कागदावर पण केलं काहीतरी. सरिताले सामील करून घेतलं. आता पुरे.

धम्मदीप : ठीक आहे, तुमचा मॉनिटरच बंद करतो. हे पाहा, केला. आता कंप्युटरचा काही संबंध नाही. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, ते पाहा.

वासुदेवराव : पाहून राहिलो.

धम्मदीप : डाव्या कडेले वार लिहून आहेत. रविवार, सोमवार... वाचा बरं.

वासुदेवराव : वार कुठं आहेत? नुसत्या तारखा आहेत. वार कोणी पुसले बे?

सरिता : कोणी नाही पुसले भाऊ.

वासुदेवराव : म्हणजे कॅलेंडर पण बदलवलं तुम्ही. कुठून आणलं हे नकली? छापून आणलं काय?

सरिता : माझ्याकडे पाहा. अशा समोरून. काय दिसते?

वासुदेवराव : तू दिसतं. आणखी काय?

सरिता : माझ्या कानात काय आहे?

वासुदेवराव : डूल आहे. एकच आहे पण. दुसरा पाडला काय कुठं?

सरिता : दोन्ही आहेत. हात लावून पाहा. हा एक. अन् हा दुसरा.

वासुदेवराव : थांब, चाचपू दे.

सरिता : लागला हाताला?

वासुदेवराव : लागला.

सरिता : दिसते?

वासुदेवराव : सरिता, हे काय आहे वं?

सरिता : घाबरू नका. आधी खुर्चीवर नीट बसा. सकाळी गाडीनं येताना काही झालं काय?

वासुदेवराव : काही नाही. निंगताना घरच्या फाटकाले हँडल घासलं. फाटक सताड उघडं होतं तरी कसं घासलं, तेच समजलं नाही.

सरिता : कोणत्या बाजूनं घासलं?

वासुदेवराव : याच बाजूनं. डाव्या.

धम्मदीप : अन् तुम्ही शहापूरवरून इथपर्यंत हायवेनं आले? त्या ट्रकायच्या मधातून?

वासुदेवराव : रोज येतो ना.

सरिता : माझ्या सासऱ्यांना लकवा झाला होता. त्याच्या आधी असंच काहीबाही सुरू झालं होतं. धम्मदीप, मालकाची गाडी आहे काय बाहेर?

धम्मदीप : मालक सकाळीच गेले गाडी घेऊन. अॅम्ब्युलन्सले फोन लावू काय?

सरिता : लाव. कुठून येते ते विचार आधी.

वासुदेवराव : लकवा कायचा? माझं तोंड वाकडं झालं काय? बोलून राहिलो ना चांगला. उन्हानं डोकं फिरलं असन. घरी जातो, झोपतो दोन घंटे. टेबलावरची किल्ली कुठं गेली?

सरिता : किल्ली मी उचलून घेतली. नाही देणार.

वासुदेवराव : माझ्या गाडीची किल्ली माझ्याजवळून काढून घेतली तू?

सरिता : हो. रागवा हवं तर.

वासुदेवराव : धम्मदीप, इकडं ये बेटा. आयक. एकदा सांग की हे तूच केलं. कसं केलं तेही नको सांगू. मी रागावणार नाही. मालकाले सांगणार नाही. फक्त 'मी केलं' म्हण.

धम्मदीप : मी केलं असतं तर किती बरं झालं असतं काका.

वासुदेवराव : म्हण ना बे.

सरिता : भाऊ, त्याच्या कानाला फोन आहे, पाहा. अॅम्ब्युलन्सवाल्यांना मिलचा पत्ता सांगून राहिला तो. मस्करी करणारा खरी अॅम्ब्युलन्स बोलावते काय?

धम्मदीप : अॅम्ब्युलन्स पवनीकडं गेली म्हणते. यायले वेळ लागन.

सरिता : मग टेकचंदचा ट्रक आहे ना दारात. त्याला म्हण, भंडाऱ्याला जायचं, दवाखान्यात.

धम्मदीप : त्याचा गेटपास नाही बनला. चौकीदार सोडन काय?

सरिता : चौकीदाराला मी पाहते. तू यांना धर. भाऊ, उठा.

वासुदेवराव : कुंताले नका सांगू लगेच. ती एकटी आहे घरी.

सरिता : तिला मी शांतपणे सांगीन. चला.

वासुदेवराव : माझा डबा राहिला टेबलावर.

सरिता : राहू द्या डबा. धम्मदीप, तू वर चढ आधी अन् हात दे त्यांना. मी मागून धरते.

धम्मदीप : द्या काका हात. दुसरा पण द्या. आता डावा पाय पायरीवर ठेवा.

वासुदेवराव : ठेवला.

धम्मदीप : नाही ठेवला काका.

वासुदेवराव : ठेवला ना बे. किती खोटं बोलशील?

धम्मदीप : तो खाली आहे काका. जमिनीवरच आहे.

सरिता : मी उचलून ठेवते. टेकचंदभाऊ, तुम्ही गाडी सुरू करा. हॉर्न वाजवतच जा.

(काही आठवड्यांनंतर. शहापूर. वासुदेवरावांच्या घराची ओसरी.)

कुंताबाई : ये बाबू, ये. त्या अंगाले नको बसू. इकडून बस, उजव्या हातानं. तिकडून कोणी आलं-गेलं तर त्याइले समजतच नाही.

धम्मदीप : हौ काकू.

वासुदेवराव : कोण, धम्मदीप? आवाजावरूनच ओळखला मी. दोनदा आला म्हणे दवाखान्यात, अन् बाहेरूनच वापस गेला. आत काहून नाही आला?

धम्मदीप : तुम्ही झोपून होते.

वासुदेवराव : दोन्ही वेळा? बरं. मिल कशी आहे?

धम्मदीप : चालू आहे. तुमच्या जागेवर रुचिका नावाची पोरगी आली. हुशार आहे. सरिताबाई तिले काम शिकवून राहिली.

वासुदेवराव : तिच्या कंप्युटरले काही केलं की नाही मंग?

धम्मदीप : नाही काका. मी आता कोणाच्याच कंप्युटरले हात नाही लावत. परवा तिचा प्रिंटर बिघडला, तर सगळे माझ्याकडं पाहाले लागले. मी उठून बाहेरच गेलो.

वासुदेवराव : येडा आहेस. पोरीले दिवसभर गेटपास बनवून बनवून कंटाळा येत असन. जिलेबी कर एखाद्या दिवशी.

धम्मदीप : नाही होत आता ते.

कुंताबाई : चहा ठेवते मी. साखर चालते ना तुले?

धम्मदीप : चालते काकू. काका, डॉक्टर काय म्हंतात? नजर येईल वापस?

वासुदेवराव : नागपूरचा डॉक्टर म्हणे डोळे एकदम चांगले आहेत. डोक्यातली नस बंद झाली, तिथं गडबड झाली. आता जेवढं दिसते तेवढ्यात भागवा म्हणे. गाडी विकली मी. पेपर वाचतो, पण ओळीची सुरवातच सापडत नाही. कुंता बोट ठेवून देते.

धम्मदीप : काका, एक विचारू?

वासुदेवराव : विचार.

धम्मदीप : त्या दिवशी आपल्याले उशीर झाला काय? तुम्ही दिसत नाही म्हणून राहिले होते, अन् मी कॅलेंडर दाखवत बसलो. शपथा घेत बसलो. लगेच नेलं असतं तर काही फरक पडला असता?

वासुदेवराव : नाही रे. डॉक्टरनंच सांगतलं, पोरायनं बरोबर टाइमावर आणलं. म्हणून हात-पाय वाचले. विचार तुह्या काकूले. कुंता, टाइमावर आणलं म्हणे ना डॉक्टर?

कुंताबाई : ...हौ. टाइमावरच.

वासुदेवराव : आयकलं? मंग तोंड पाडून नको बसू. वाजून राहिला पाहा तुझा फोन.

धम्मदीप : सरिताबाईचा आहे. आवाज बरोबर येत नाही इथं. अंगणात जाऊन बोलतो.

वासुदेवराव : जा, जा. चहा घेतल्याबिगर निंगू नको पण.

कुंताबाई : बाहेर गेला काय तो?

वासुदेवराव : हौ, फोनवर आहे. कुंता, तू अशी अडखळत नको जाऊ वं. पोट्टा हुशार आहे, त्याले समजन.

कुंताबाई : मी चुलीजवळून काय बोलू? खोटं जमत नाही मले पटकन.

वासुदेवराव : जमव. त्याच्यासमोर जमव.

कुंताबाई : पण मले राहून राहून वाटते हो. आदल्या दिवशीच बोलले असते तुम्ही तर?

वासुदेवराव : आदल्या दिवशी दुपारीच अर्धा पडदा गेला होता. मले वाटलं, पोट्ट्यायनं काहीतरी नवीन केलं. म्हटलं, या वेळी आपण बोलायचंच नाही. पाहू, कोण आधी हासते. संध्याकाळपर्यंत चूप बसलो मी. ते काही हासले नाही. मी म्हटलं, लेकाचे पक्के झाले आता.

कुंताबाई : अन् रात्री जेवताना तुम्ही म्हटलं, भाजी काहून नाही वाढली? ताटातच होती वांग्याची भाजी. मले वाटलं, हेही ऑफिसातल्या पोरायसारखे मस्करी करून राहिले. मी हासली.

वासुदेवराव : तू हासली म्हणून मीही हासलो.

कुंताबाई : डॉक्टर म्हणे, तवाच आणलं असतं तर नस मोकळी कराची ती सुई देता आली असती.

वासुदेवराव : म्हणे ना. झालं ते झालं. पण हे त्याच्या कानावर गेलं, तर तो जलमभर त्याच ओझ्याखाली दबून राहील. वय काय आहे त्याचं? अजून लगन नाही झालं. कधी निंगू देजो नको तोंडातून.

कुंताबाई : नाही निंगू देत. सरका जरा, चहा आणला... अगा माय! हा तर इथंच बसून आहे. तुमच्या डाव्या हाताले.

वासुदेवराव : कोण?

कुंताबाई : धम्मदीप. काहून रे बाबू, डोळ्याले काय झालं तुझ्या?

वासुदेवराव : कवा आलास गा तू?

धम्मदीप : आत्ताच आलो काका.