शेवटच्या घोटाचा फुरका

बसा हो, बस काय, मागून दुसरी येईल. फोनवर आईला ‘जेवलो गं’ म्हणालात तेव्हाच ओळखलं, आपला माणूस. तर काय सांगत होतो — दरवाजा. ते तळ्याकाठचं लाकडी घर दिसतंय ना, जपानी चहाघर, त्याचा दरवाजा जेमतेम माझ्या कमरेएवढा. रांगत जायचं आत. मी. सगळं आयुष्य बातमीदारीत गेलं, एका मंत्र्यापुढे मान लववली नाही, आणि म्युनिकमध्ये येऊन चहासाठी रांगलो — हसा, हसा, मलाही आत हसू आवरत नव्हतं.

खरं तर मी आलो होतो भांडायला. आमचा मल्हार इथं जवळच, उंटरश्लाइसहाइम गावात इंजिनिअर, त्याला लग्न करायचंय काट्रिनशी, आणि तिची आई रेनाटेबाई — ही अस्सल जर्मन बाई कित्येक वर्षं जपानी चहाविधी शिकतेय. मी म्हटलं, कशाला हे सोंग? परक्यांची संस्कृती काय शोकेसमध्ये मांडायला असते? उद्या माझा मुलगाही मांडून ठेवाल. तोंडावर विचारणार होतो. लग्न मोडलं तर मोडलं. प्रभा, म्हणजे आमची ही, पुण्याहून बजावत होती, अहो, भांडू नका. मी ऐकतोय कुणाचं?

आणि आत बघतो तर काही नाहीच. मातीची भिंत. बांबूच्या नळीत एकच रानफूल, तेही मान वळवून बसलेलं. किटलीत पाणी गुणगुणतंय. रेनाटेबाई एक फडकं घडी घालतेय, अशी, की वाटलं हे फडकं संपूच नये. मल्हार कानाशी म्हणाला, बाबा, इथं फक्त मुख्य पाहुणा प्रश्न विचारतो, आणि तो तुम्ही. म्हणजे आयतं मैदान मला — आणि सुचलं काय, तर हा वाडगा कुठला? काट्रिननं आईला विचारून इंग्रजीत सांगितलं, गुरूंनी केलेला, भट्टीत एका बाजूनं दबला, त्यांनी तसाच ठेवला. त्या खळग्यात माझा अंगठा बरोब्बर बसला हो. बरोब्बर.

मग तो घात. शेवटचा घोट आणि सवयीनं मोठ्ठा फुरका. मल्हारचा चेहरा पांढरा. ह्याच फुरक्यावरून प्रभानं मला लग्नाकार्यांतून चिमटे काढलेत. आणि ती बाई काय करते — वाकून नमस्कार. काट्रिन म्हणते, गेनाऊ, असंच, शेवटचा घोट असा वाजवूनच संपवायचा, म्हणजे चहा संपला हे यजमानाला कळतं. बाहेर आल्या आल्या प्रभाला फोन केला. म्हटलं, विधी आहे तो, विधी. तिनं फोन ठेवला.

चहा कडू होता. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानंच — म्हणजे, तसंच समजा. मल्हार शेजारी बसला होता, गुडघ्याला गुडघा लावून. दोन वर्षं फोनवर मी बोलतोय आणि तो ‘बरं बाबा’ म्हणतोय. आज मी गप्प बसलो तर त्यानं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. केवढा मोठा झालाय.

आता ते प्रश्न — कुठले प्रश्न?

ती बघा, आवरून आली. उठा आता. अहो, तुम्हीच, विहीणबाईंना जागा द्या. ओळख नको करून द्यायला, मला जर्मन येत नाही, तिला मराठी येत नाही. आम्हाला जरा गप्प बसायचंय.