बाबांच्या गाडीचा लाल दिवा

आता तुम्हीच सांगा, विझायला नको होता तो दिवा? साधा लाल दिवा, मसुराएवढा. बाबांची जुनी गाडी सुरू केली की लागतो, जरा वेग दिला की विझतो, म्हणजे डायनॅमो बॅटरी भरतोय, हे मी लहानपणापासून बघत आलेय... आणि आज सकाळी मी वेग दिला तर विझायचा राहिला बाजूला, अधिकच लालबुंद!

तुम्हाला सांगते, एरवी मी गुपचूप किल्ली काढून घरात पळाले असते. पण आज दुपारी बाबा दवाखान्यातून सुटणार, आणि डॉक्टरांना ठणकावून बसलेले, "येईन तर माझ्याच गाडीतून, नाहीतर येणारच नाही!" वर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलेलं, त्यांना कसलाही धक्का बसता कामा नये. आता या माणसाला धक्का बसणार तो कशाचा? या गाडीचाच ना!

महिनाभर उभी राहून बॅटरी पार मेली होती, ती चार्ज करून आणून बसवली काकांनी. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. यांना सगळं येतं. "दचकतेस काय ऊठसूट? पट्टा सैल असेल!" पट्टा आवळला. दिवा आपला चालूच! "मग वायर गंजली असेल!" वायर घासली, इतकी घासली की तिच्यात तोंड बघून वेणी घालावी... दिवा आपला चालूच!

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून आई, "भावजी, हे तर गाडीच्या बॉडीला बॅटरीचं प्लस लावायचे. तुम्ही मायनस लावलंय का?"

काका म्हणतात कसे, "अहो वहिनी, आजकाल सगळ्या गाड्यांना मायनसच असतं बॉडीला! दादानं जन्मभर उलटं लावलं होतं, मी सुधारलं!"

सुधारलं! अहो, ती गाडी जन्मलीच तशी, तिला कशाला सुधारताय? तारा घाईघाईनं पुन्हा पालटल्या, मी गाडी सुरू केली आणि उलट्या जोडणीनं आधीच भाजलेल्या रेग्युलेटरच्या डबीतून हा धूर! मी किंचाळले, काका मागे सरता सरता गॅरेजच्या दारावर आदळले, आई पाण्याची बादली घेऊन धावली, "वहिनी, विजेवर पाणी?"... कसाबसा धूर थांबला. आणि दिवा? दिवा आपला चालूच!

आता एकच आशा, वायरिंगमामा. बाबांचे बालमित्र, या गाडीची नस न् नस ओळखणारे. फोन लावला, उचलेनात. पुन्हा लावला, वाजतोय नुसता. नखं खाऊन संपली, तरी वाजतोयच... आणि एकदाचा उचलला! मी श्वासही घेतला नाही.

"मामा, काकांनी बॅटरी उलटी लावली, रेग्युलेटर जळला, धूर निघाला, तुम्ही असाल तसे या, पण बाबांना एक अक्षर कळू देऊ नका!"

पलीकडून ओळखीचं खाकरणं.

"मामा मला भेटायला आलाय. चहा आणायला खाली गेलाय," बाबा म्हणाले. "टॅक्सी घेऊन ये."