सुंबुलाची कुंडी

इराणमधल्या यज्द शहराच्या त्या गल्लीत रोट्या भाजताना खैरुल्लाचे हात तंदूरपाशी असत आणि कान रांगेत. आज तूरानबाई शेजारच्या मनीजेपाशी मन मोकळं करत होत्या.

"सुंबुलाच्या फुलांचे कंद दोन महिने फ्रीजमध्ये ठेवले, मनीजे. घरातल्या उबेत त्यांना थंडी कुठून मिळणार? ह्यांना गार पाणीसुद्धा काढू दिलं नाही."

"मग फुललं का?"

"फुललं ना, ऐन नवरोजच्या तोंडावर. तेवढ्यात होणारा जावई आला. दहा वर्षं जर्मनीत राहून आलेला. म्हणाला, काय सुंदर फूल आहे. मी म्हटलं, तुमचंच आहे, घेऊन जा."

"असं म्हणावंच लागतं."

"तो घेऊन गेला."

"कुंडीसकट?"

"खालच्या बशीसकट."

"अगं बाई. मग त्यांच्याकडे जाऊन तूही वाखाणायचंस."

"वाखाणलं ना, तोंड दुखेस्तोवर. त्याची आई म्हणाली, न्या की, तुमचंच आहे."

"मग?"

"मी म्हटलं, छे छे, तुमच्याच घरात शोभतं."

"अगं, तू पण."

"ती पुन्हा म्हणाली, मी पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा ती म्हणालीच नाही."

तूरानबाईंचा नंबर आला. खैरुल्लाने गरम रोट्या त्यांच्या फडक्यात बांधून दिल्या. "किती झाले?" त्यांनी विचारलं, आणि रोजच्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "राहू द्या हो, तुमच्याकडून कसले पैसे?"

तूरानबाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि रोट्या काखोटीला मारून चालू लागल्या.